हायफन : मधल्या जागेचा मानकरी

अंगकाठी बारीक, उंची जवळपास नाहीच. ओळीच्या मध्यावर आडवा टेकलेला हा एवढासा जीव. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात त्याला संयोगचिन्ह म्हणतात, पण संपादकांच्या टेबलावर तो हायफनच. त्याचा लांब हातपायांचा भाऊबंद डॅश वाक्यात शिरला की वाचणाऱ्याला थांबवतो. हायफनचा तो स्वभाव नाही. दोन शब्दांना धरून ठेवायचे आणि स्वतः नजरेत भरायचे नाही, ही त्याची रीत.

घराणे मात्र जुने. १४५५च्या सुमारास माइन्झला गुटेनबर्गचे बायबल छापून झाले. ४२ ओळींचे ते रकाने दोन्ही कडांनी सरळ बसावेत म्हणून ओळीअखेर शब्द तोडावे लागले, आणि शब्द तुटला तिथे हायफन आला. त्या पानांवर तो दोन तिरप्या रेघांचा आहे. रकान्याची कड बिघडू नये म्हणून त्याला कडेबाहेर, समासात उभे केले आहे. त्याचे हे रूप मला फार आवडते. ओळ सांभाळायची आणि आपण ओळीबाहेर थांबायचे, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

पडद्यावरच्या मजकुराने त्याचे हे पिढीजात काम बरेचसे काढून घेतले. मोबाइलवर ओळ कुठे संपेल हे लिहिणाऱ्याला माहीत नसते, आणि उजवी कड सरळ असावी हा आग्रहही फारसा उरला नाही. संगणकाच्या आस्की संकेतात तर त्याला स्वतःची जागाही नाही. ४५ क्रमांकाचे एकच घर हायफन आणि वजाचे चिन्ह दोघांत वाटलेले आहे.

मग शब्दांतूनही त्याची गच्छंती सुरू झाली. २००७ साली ‘शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतला हायफन काढला. ‘आइस-क्रीम’चे दोन सुटे शब्द झाले, ‘बंबल-बी’ एका शब्दात मिटली. २०११मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने ‘ई-मेल’मधला हायफन वगळला. जुन्या वळणाचे लोक हळहळले. मला त्यात अन्याय दिसत नाही. ‘टुडे’ आणि ‘टुमॉरो’सुद्धा इंग्रजीत एके काळी हायफन घालूनच लिहीत. शब्दांचा संसार एकदा जमला की मध्यस्थाने निघायचे असते, आणि हायफन तसा निघतोही. कोशातून हुसकावलेल्या या गड्याला इंटरनेटनेच नवी नोकरीही दिली. संकेतस्थळाच्या पारंपरिक नावात इंग्रजी अक्षरे आणि अंक यांच्या जोडीला चालतो तो फक्त हायफन, तोही नावाच्या आरंभी किंवा शेवटी नव्हे. तिथेही जागा मधलीच.

एके ठिकाणी त्याचे जाणे मला मनापासून पटले. १९१५ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्कच्या भाषणात ‘हायफनवाल्या अमेरिकनां’वर तोफ डागली होती. अशा टीकेमुळे स्थलांतरितांच्या ओळखीतला हायफन अर्धवट निष्ठेचा डाग होऊन बसला. २०१९मध्ये असोसिएटेड प्रेसने ‘एशियन अमेरिकन’, ‘आफ्रिकन अमेरिकन’ यांतून तो काढला. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलीलाही ‘इंडियन अमेरिकन’ हे दोन शब्द आता त्या रेघेशिवाय लिहून मिळतात. दोष हायफनचा नव्हता, त्याला ज्या कामाला जुंपले त्या कामाचा होता.

पण त्याला काढल्याने अर्थच फिरतो तिथे गप्प बसता येत नाही. फुटबॉलच्या बातमीत एखादा खेळाडू ‘री-साइन’ करतो, म्हणजे त्याच क्लबशी नवा करार करतो. मधला हायफन उडवा, अक्षरे तीच ठेवा. उरतो ‘रिझाइन’, म्हणजे राजीनामा. खेळाडू राहिला की गेला, हे त्या एवढ्याशा रेघेवर ठरते. ‘स्मॉल-बिझनेस ओनर’ म्हणजे छोट्या धंद्याचा मालक. हायफन गेला की धंदा लहान की मालकच ठेंगणा, असा प्रश्न पडू शकतो. घाईने मजकूर चढवणाऱ्या बातमीदाराला हायफनची कळ दाबायला क्षणही लागत नाही, पण ती न दाबल्याचा भुर्दंड प्रत्येक वाचक भरतो, वाक्य दुसऱ्यांदा वाचून.

हे वाचकांनीच दाखवून दिले. त्याच २०१९ साली असोसिएटेड प्रेसने अमेरिकी फुटबॉलमधल्या ‘फर्स्ट-क्वार्टर टचडाउन’सारख्या जोडणीतही हायफन नको, असे ठरवले. वाचकांनी आणि संपादकांनी इतकी ओरड केली की संस्थेला त्याच वर्षी निर्णय फिरवावा लागला. ती ओरड योग्यच होती. रुळलेल्या शब्दांतून हायफन खुशाल काढावा. पण जिथे वाचणारा अडखळेल, तिथे इंग्रजी संपादकांनी त्याला हात लावू नये.