सातबारा नसलेला देश

पोर्ट व्हिला, वानुआतू

ती. आत्यास,


तुझं पत्र पोचलं. ‘पासपोर्ट विकणारा देश तो हाच का गं?’ हा तुझा पहिलाच प्रश्न. हो, तोच. मार्च २०२५मध्ये आयपीएलवाल्या ललित मोदींना इथलं नागरिकत्व मिळाल्याची बातमी फुटली आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना नकाशात वानुआतू शोधावा लागला. इथले पंतप्रधान जोथाम नापाट यांनी ते रद्द करण्याचे आदेश दिले, चार दिवस चर्चा झाली आणि सगळे विसरले. धंदा मात्र बंद झालेला नाही. साधारण एक लाख तीस हजार डॉलर भरले की परक्या माणसाला इथला पासपोर्ट मिळतो. इथे येऊन राहायचीही गरज नाही. सरकारी तिजोरीत कित्येक वर्षं या खिडकीतून भक्कम पैसा आला. युरोपीय संघाला ते खपलं नाही. डिसेंबर २०२४मध्ये त्यांनी इथल्या नागरिकांची विनाव्हिसा प्रवेशाची सवलत कायमची काढून घेतली. ज्यांनी पासपोर्ट विकत घेतले त्यांची गेलीच, शिवाय इथल्या मातीत जन्मलेल्यांचीही गेली.

पण तू उभी हयात भूमी अभिलेखात काढलीस, म्हणून तुला यातली खरी गंमत सांगते. एवढे डॉलर मोजलेल्या त्या नव्या नागरिकाला इथली वीतभर जमीनही मालकीने घेता येत नाही. १९८०च्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय की देशातली सगळी जमीन परंपरेने तिच्या मालक असलेल्या मूळ रहिवाशांची आणि त्यांच्या वंशजांची. मालकी कोणाची, वापर कसा, हे ठरणार रूढीने. रूढीला इथे ‘कस्टम’ म्हणतात आणि दिवसातून दहादा म्हणतात. नागरिकत्व विकाऊ आणि जमीन बिनविकाऊ, असा हा देश. मला आधी ही विसंगती वाटायची. आता वाटतं, जे आपलं नव्हतंच ते विकायला हात कचरत नाही. देश हे कलम १९८०मध्ये लागलं. जमीन मात्र तीन हजार वर्षं कसलेली आहे.

तीन हजार मी हवेतून आणलेले नाहीत. याच एफाते बेटावर तेऊमाला २००४च्या सुमारास लापिता लोकांचं कब्रस्तान सापडलं. दक्षिण पॅसिफिकमध्ये होड्यांतून सरकत आलेले हे पहिले दर्यावर्दी शेतकरी. ऐंशीच्या वर बेटं, लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास आणि भाषा १३८! एकेका खोऱ्यात वेगळी बोली, वेगळे पूर्वज, वेगळ्या हद्दी.

हद्दी म्हटल्यावर तुझे कान टवकारले असणार. इथे कस्टमच्या जमिनीला मोजणीचे दगड नाहीत, गटनंबर नाहीत, फेरफाराची वही नाही. माझं कामच नकाशे करण्याचं, त्यामुळे सुरुवातीला माझा जीव कासावीस व्हायचा. चतुःसीमा विचारली तर समोरचा माणूस वडाच्या झाडापासून सुरुवात करतो, मग एका खडकापाशी येतो, मग तो खडक तिथे कसा आला याची गोष्ट सांगतो. आपला दावा सिद्ध करायचा म्हणजे आपल्या कुळाचं ‘नासारा’ दाखवायचं. नासारा म्हणजे नाचाचं, सभेचं जुनं मैदान. तिथून पूर्वजांची नावं ओळीने म्हणायची. जमिनीच्या तंट्यात या सगळ्याला पुरावा म्हणून मान आहे. ही नुसती सांगोवांगी, असं तू म्हणशील. तर ऐक. रॉय माता नावाचा एक सरदार १६००च्या सुमारास होऊन गेला. त्याने भांडणारी कुळं एकत्र आणली. तो मेला तेव्हा एरेटोका या छोट्या बेटावर त्याच्याबरोबर कितीतरी माणसं पुरली, अशी कथा लोक सांगत होते. १९६७मध्ये जोझे गारांजे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने त्या कथेवर भरवसा ठेवून तिथे खोदलं. पन्नासाच्या आसपास सांगाडे निघाले, अंगावरच्या दागिन्यांसकट. साडेतीनशे वर्षं एकही ओळ न लिहिता टिकलेली नोंद होती ती. आपल्याकडच्या किती फेरफार नोंदी एवढ्या खऱ्या निघतील, हे तुझं तूच ठरव.

मग या जमिनी गेल्या कशा? आधी चंदनाच्या लाकडासाठी गोरे व्यापारी आले, मागोमाग मिशनरी, मागोमाग मळेवाले. बंदुकीच्या, कापडाच्या, तंबाखूच्या बदल्यात कागदावर अंगठे उमटले. देणाऱ्याला वाटलं, पाहुण्याला वापरायला देतोय. घेणाऱ्याने खरेदीखत करून घेतलं. १८८२मध्ये जॉन हिगिन्सनने कंपनी काढून असे अंगठे घाऊक गोळा केले. हा जन्माने आयरिश, नंतर फ्रेंच झालेला. आणि १९०६मध्ये तर कमालच झाली. इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही ही बेटं हवी होती, म्हणून दोघांनी मिळून राज्य करायचं ठरवलं. त्या राज्याला म्हणायचे काँडोमिनियम. वैतागलेले लोक त्याला ‘पँडेमोनियम’ म्हणत.

आत्या, सरकारी कचेरीत वर्षं काढलेल्या माणसानेच याची चव घ्यावी. दोन पोलीस दलं, गणवेश वेगळे. दोन तुरुंग, दोन इस्पितळं, शाळा दोन तऱ्हेच्या. चलनंही वेगवेगळी. इंग्रज किंवा फ्रेंच नसलेला नवा माणूस आला की त्याने सांगायचं, मला कोणता कायदा लावायचा, इंग्रजी की फ्रेंच. मधे एक संयुक्त न्यायालय, त्यात एक इंग्रज न्यायाधीश, एक फ्रेंच, आणि दोघांत पक्षपात नको म्हणून वर अध्यक्ष बसवला तो स्पेनच्या राजाने नेमलेला. त्या स्पॅनिश उमरावाला ऐकू कमी यायचं, असं सांगतात. दोन्ही झेंडे रोज मोजून एकाच उंचीवर फडकवायचे, असंही सांगतात. या गोष्टी सांगताना इथले लोक पोट धरून हसतात. पण ज्यांची ही बेटं, ते ना इंग्रजांचे नागरिक होते ना फ्रेंचांचे. कायद्याच्या लेखी ते कुठल्याच देशाचे नव्हते. ही चौऱ्याहत्तर वर्षं लक्षात घेतली की पासपोर्ट नावाच्या कागदाबद्दल इथे फारसा हळवेपणा का नाही, ते थोडं कळतं.

३० जुलै १९८०ला देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान वॉल्टर लिनी हे अँग्लिकन पाद्री. स्वातंत्र्याच्या मागणीच्या मुळाशी जमीनच होती. त्याच वर्षी सांतो बेटावर जिमी स्टीव्हन्सने बंड केलं. त्याची नाग्रियामेल चळवळ मुळात मळेवाल्यांनी रानात घुसू नये म्हणून उभी राहिलेली. पण शेवटी तिच्या पाठीशी फ्रेंच मळेवाले आणि अमेरिकेतले कर नको असलेले धनिक उभे राहिले, कारण त्यांना स्वतःच्या मर्जीचं बेट हवं होतं. पापुआ न्यू गिनीच्या सैन्याने येऊन ते बंड मोडलं. परदेशी वार्ताहरांनी त्याला ‘नारळयुद्ध’ असं थट्टेचं नाव दिलं. जमिनीसाठी उठलेला माणूस जमिनीच्या सौदागरांच्या ओट्यात जाऊन पडला, यात मला तरी थट्टा दिसत नाही.

आता तू विचारशील, जमीन विकता येत नाही, तर किनाऱ्यावरची ती हॉटेलं आणि बंगले कुठून आले? पळवाट आहेच: भाडेपट्टा. जास्तीत जास्त ७५ वर्षांचा. नारळाच्या झाडाच्या आयुष्याएवढा, असा हिशेब सांगतात. ऐकायला गोड. पण मुदत संपल्यावर जमीन परत घ्यायची तर त्यावरच्या बांधकामाची किंमत चुकवावी लागू शकते, आणि ती कुठल्या गावाकडे असते? एफातेचा निम्म्याहून जास्त किनारा असा पट्ट्यांवर गेला. कुठे एकट्या सरदाराने सही केली आणि भावकीला पत्ता नाही. जिथे मालकीचाच तंटा होता, तिथे मंत्र्याने मालकाच्या वतीने सही करायची तरतूद होती. तू अशा तरतुदी पाहिल्या आहेस, पुढचं सांगायला नको. राल्फ रेगेनवानू हे मूळचे मानववंशशास्त्राचे, इथल्या सांस्कृतिक केंद्राचे संचालक राहिलेले. जमीनमंत्री झाल्यावर २०१४पासून लागू झालेल्या कायद्यांनी त्यांनी मंत्र्याचा तो अधिकार काढून टाकला. स्वतःच्याच खुर्चीचा अधिकार कमी करणारा मंत्री तुझ्या नोकरीत तुला किती भेटले?

इथली श्रीमंती मात्र मला कळायला वेळ लागला. देशाच्या झेंड्यावर डुकराचा गोल वळलेला सुळा आहे. तो मुद्दाम घडवतात. डुकराचे वरचे सुळे काढून टाकले की खालच्या सुळ्याला घासायला काही उरत नाही. तो वाढतो, वळतो आणि सहासात वर्षांत त्याचं पूर्ण कडं होतं. त्या डुकराला नीट चरता येत नाही, म्हणून त्याला मऊ शिजवलेलं हाताने भरवायचं. हे काम बहुतेक बाईचं. आणि उत्तरेकडच्या बेटांवर एवढं सांभाळलेलं जनावर मारून, वाटूनच पुरुषाला मानाची पुढची पायरी चढता येते. मान मिळतो तो साठवल्याबद्दल नाही, हातावेगळं केल्याबद्दल. पेंटेकोस्ट बेटावर तुरागा नावाच्या चळवळीने तर सुळ्यांवर आणि विणलेल्या चटयांवर चालणारी पेढी काढली आहे. चटया बायकांच्या. लाल रंगवलेल्या त्या चटयांशिवाय लग्न लागत नाही की दंड फिटत नाही. पण पायऱ्या चढतात पुरुषच, आणि ‘कस्टम’चे गोडवे गाणारे हे सहसा सांगत नाहीत. २०२२च्या निवडणुकीत संसदेत जेमतेम एक बाई पोचली, हेही त्याच ओळीत वाच.

बायकांचं खरं राज्य बाजारात. पोर्ट व्हिलाच्या बाजारात आठवडाभर, शनिवारी दुपारपर्यंत, रात्रंदिवस ‘मामा’ बसलेल्या असतात. मामा म्हणजे इथे आई, बाई. झालरी लावलेले ढगळ झगे घालून, टेबलाखालीच पथारी टाकून झोपणाऱ्या. माडाच्या झावळ्यांच्या पाट्यांत अळूचे कंद, केळी, नारळ आणि आपलंच कोनफळ. तेच ते, जांभळंसुद्धा! इथलं वर्ष कोनफळाच्या काढणीवर चालतं. ते किसून, नारळाचं दूध घालून, पानांत बांधून तापल्या दगडांवर भाजलं की ‘लापलाप’ झालं. घासाघीस कोणी करत नाही. मी एकदा तोंड उघडलं होतं, पण बाईंनी माझ्याकडे पाहिलं तसं मिटलं.

संध्याकाळी पुरुष ‘नाकामाल’ला, म्हणजे बैठकीच्या जागी, जातात. कावा नावाच्या मुळाचा गढूळ रस करवंटीतून एका दमात प्यायचा आणि थुंकायचं. जीभ बधिर होते, बोलणं आपोआप कुजबुजीवर येतं. व्हिलात बायकाही पितात. तान्ना बेटावर मात्र आजही मनाई. (तान्नाचे लोक प्रिन्स फिलिपला देव मानतात का, हे मला कृपा करून विचारू नकोस. प्रत्येक पाहुणा तेवढंच विचारतो.)

जमिनीसारखी माणसंही इथून नेली. १८६३ ते १९०४ या काळात क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांसाठी पॅसिफिकच्या बेटांवरून सुमारे बासष्ट हजार करार झाले. सर्वांत जास्त माणसं या बेटांवरची आणि शेजारच्या सॉलोमनची. काही फसवून, काही उचलून, काही राजीखुशीने. शेजारच्या फिजीत साखरेसाठीच आपले गिरमिटिये आले, १८७९पासून. पुढे ऑस्ट्रेलियाला गोराच देश हवासा वाटला, तेव्हा क्वीन्सलंडमध्ये उरलेल्या या मजुरांतल्या बहुतेकांना परत पाठवलं. नाना बेटांच्या माणसांनी त्या मळ्यांत एकमेकांशी बोलता बोलता जी बोली घडवली, तीच बिस्लामा आज या देशाची राष्ट्रभाषा आहे. २००७पासून पुन्हा माणसं जाताहेत, न्यूझीलंडच्या सफरचंदांच्या बागांत, सहासात महिन्यांच्या परवान्यावर. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. आता पैसे घरी येतात, पत्र्याची घरं उठतात, मुलांची फी भरली जाते. पण कोनफळाच्या वाफ्यांत बायका आणि म्हातारेच दिसतात, आणि ज्याला पूर्वजांची नावं पाठ करायची तो तरुण न्यूझीलंडच्या हेस्टिंग्जमध्ये फळं तोडत असतो.

आणि वर हे आभाळ. मार्च २०१५ला पाम चक्रीवादळ, एप्रिल २०२०ला हॅरॉल्ड, मार्च २०२३मध्ये एकाच आठवड्यात आणखी दोन. १७ डिसेंबर २०२४ला ७.३चा भूकंप, व्हिलाच्या अगदी जवळ. २०१९मध्ये इथल्याच कायद्याच्या महाविद्यालयातल्या मुलांनी असा विचार मांडला की हवामान बिघडवणाऱ्या देशांची जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारावं. सरकारने तो उचलला, पुढे रेगेनवानूच हवामानमंत्री म्हणून तो रेटत राहिले. मार्च २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ला हेगच्या न्यायालयाने मत दिलं की हवामान राखणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाईही द्यावी लागू शकते. सल्ला आहे, हुकूम नाही, तरी मोठाच.

पण तुझ्या खात्यातला प्रश्न त्यानंतर सुरू होतो. समुद्र आत आला म्हणून गाव उठवायचं तर बसवायचं कुठे? रिकामी दिसणारी प्रत्येक टेकडी कोणाच्या तरी नासाराची असते. २०१७मध्ये ज्वालामुखी पेटला म्हणून अंबाए बेट पूर्ण रिकामं केलं, सुमारे अकरा हजार माणसं. पुढच्या वर्षी पुन्हा. दोन्ही वेळा बहुतेक लोक परतलेच, कारण शेजारच्या बेटावर राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पाहुणा म्हणून राहायचं. सरकारकडे द्यायला गायरान नाही की पड नाही. मालकांकडे डुकरं आणि चटया घेऊन जायचं, नाकामालमध्ये बसायचं, आणि विचारायचं. किती पिढ्यांसाठी, परत मागितली तर काय, तिथे जन्मलेल्या मुलांचा हक्क कोणता? मी सध्या अशाच एका गावाचा नकाशा करतेय. हद्दीची रेघ अजून पेन्सिलीत आहे. दोन्हीकडची म्हातारी माणसं पुढच्या आठवड्यात बसणार आहेत, पाऊस नसेल तर.

गुडघ्याला जप. काकांना नमस्कार.

तुझी,
मीना