सहा ठिपके

लहानपणी आमच्या माचिसच्या डब्या सोनपाखरांसाठी होत्या. बाभळीचा पाला कोंबायचा, हिरव्या पाठीवर ऊन चमकवायचं, अंडी घातली का म्हणून डबी सारखी उघडून बघायची. तुला मात्र, काळ्या भुंगेऱ्या, कुणी डबीत घातलं नाही. आजी दुरूनच ओरडायची, "हात नोको लावू त्याले, डोळ्यात मारते तो!"

खोटं नव्हतं ते. काळ्याभोर अंगावर सहा पांढरे ठिपके, दोन मानेमागे, चार पाठीवर. ते बघूनही जो ऐकणार नाही, त्याच्या तोंडावर तू मागून फॉर्मिक आम्लाची पिचकारी सोडणार. शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुटाटा, म्हणजे सहा ठिपक्यांचा. १७७५ साली कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने नाव दिलं तेही ठिपके मोजूनच. तिकडे आफ्रिकेत, कलहारीत, तुझ्या भाऊबंदांचा दरारा एवढा, की एका सरड्याची पिल्लं त्यांच्यासारखा काळापांढरा वेश घेऊन, पाठ वाकवून चालतात.

उडायचं तू कधीच सोडून दिलंस. वरचे पंख जुळून पाठीचं कवच झाले. धावतोस तो शिकारीमागे. कुणाला भिऊन धावायची वेळ तुझ्यावर येतच नव्हती.

सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की सिल्लेवानीचा घाट लागतो. साग, पळस, तेंदू, मोहा. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. वेचणाऱ्या बायांना कोणत्या तोंडाने बोलायचं, त्यांच्या घरचं तेलमीठ त्यावर येतं. पण आग मोहाखाली थांबत नाही. सागाच्या वाळल्या पानांतून सरकत जाते, पंखवाले उडून जातात. सागाचं फार बिघडत नाही. पाऊस पडला की तो पुन्हा हिरवा, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला जंगल होतं तसंच दिसतं. तुझं जंगल चार बोटं जाडीचं होतं. पाचोळा, त्याखालची ओल, त्या ओलीतले किडे. ते राख झालेलं कुणाच्या नोंदीत येणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा पेपरात झळकतं. जाम नदीत पळस रोवतात, या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि एकमेकांवर दगडांची गोटमार. पळसासाठी डोकी फुटतात आमच्याकडे! पळसाखालच्या मातीसाठी कुणी खडाही उचललेला नाही.

एवढ्यातूनही वाचलास, तर पावसाळ्यात रात्री डांबरावर येतोस. समोरून संत्र्यांचा नाही तर कोळशाचा ट्रक. तू बाजूला होत नाहीस. थांबतोस, मागचं टोक उचलतोस आणि चाकावर नेम धरतोस.