धडकं कापू नये

सप्टेंबर सरत आला की आमच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे काहीतरी येऊन बसतं. कुठे लाल भोपळे, कुठे मक्याच्या वाळक्या ताटांची पेंडी, कुठे दारावर पानांचं कडं. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलजवळच्या या गावात आम्ही आलो, त्या पहिल्या वर्षी मीही दुकानातून मेपलच्या पानांची प्लास्टिकची माळ आणून लावली. नोव्हेंबरच्या वाऱ्यात तिची पानं सुटून शेजारच्या गवतात उडाली. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं तेव्हा ती तशीच्या तशी सापडली, लालभडक. झाडाच्या पानांची तोवर माती व्हायला लागली होती. ती प्लास्टिकची पानं वेचताना मला फार वाईट वाटलं आणि ठरवलं, पुढच्या वर्षी जे लावायचं ते घरी शिवायचं.

ते वर्ष 2022. भगव्या रंगाचं नवं सुती कापड आणून मी तीन भोपळे शिवले. कापडी भोपळ्याची रीत सोपी आहे. रुंदीच्या दुप्पट लांबीचा तुकडा घ्यायचा, आखूड बाजू जोडून नळी करायची, एका तोंडाला दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून ते आवळायचं, आत कापूस भरायचा आणि वरचं तोंडही तसंच आवळायचं. भोपळा नीट बसावा म्हणून तळाशी मूठभर तांदूळ घातले. कापडाची खळ काही केल्या जाईना. चुण्या ताठ उभ्या राहिल्या आणि भोपळ्यांना पाकळ्या पडण्याऐवजी नुसते कोपरे आले. तरी हिवाळ्यात ते खोक्यात घालून तळघरात जपून ठेवले.

जून 2023मध्ये आई इचलकरंजीहून सहा महिन्यांसाठी आली. खोकं उघडलं तर तिन्ही भोपळ्यांची बुडं कुरतडलेली आणि सगळीकडे कापूस. मला रडूच आलं.

"तांदूळ घातलेस होय? मग उंदराला आवतणच की ते," आई म्हणाली. मग तिने एक भोपळा हातात घेऊन अंगठ्याने कापड चोळून पाहिलं. "आणि हे तर कोरं. कोरं कापड कधी सांगितलेलं ऐकतं का?"

त्या उन्हाळ्यात तिच्या हाताखाली मी पुन्हा पहिल्यापासून शिकले. कपाटातली नारिंगी साडी मी मोठ्या उत्साहाने काढली, वर्षानुवर्षं नेसलेली नव्हती. कात्री हातात घेतली, तर आईने माझा हात धरला. "धडकं कापू नये." हे ती रागाने म्हणाली नाही, पण त्यावर बोलायला जागाही ठेवली नाही. तिच्या माहेरी कापडाची चाल ठरलेली होती: लुगडं विरलं की त्याचं बाळाचं दुपटं, दुपटं फाटलं की गोधडीत, गोधडी गेली की पायपुसणं आणि शेवटी पोतेरं. ज्याचं नेसणं संपलं तेच कात्रीखाली जायचं. मला आधी वाटलं, ही काटकसर. भोपळा शिवायला बसल्यावर कळलं की त्यात हाताचं शहाणपण आहे. शंभर वेळा धुतलेल्या कापडातून सुई आपोआप जाते, चुण्या बारीक पडतात आणि ओढलं की लोण्यासारख्या सरकून एकमेकींना बिलगतात.

धडकं नाही तर मग काय? माझ्या लग्नात सामानाबरोबर आलेली गोधडी होती, आजीच्या हातची. वरचा थर पार झिजला होता, एका कडेने आतलं दिसत होतं. "ही उसव," आई म्हणाली. स्वतःच्या आईने घातलेले टाके तिनेच आधी कापले. मला ते बघवेना, पण ती शांतपणे एकेक दोरा ओढत होती. "ती असती तर तिनंही उसवलीच असती."

गोधडीच्या पोटात आजीचं इरकली लुगडं निघालं. वरचा थर उन्हाने आणि धुण्याने पांढुरका झाला होता, पण आत दडलेल्या लुगड्याचा डाळिंबी रंग अजून जिवंत होता. त्याखाली हळदी रंगाचं कसलं तरी पोलकं, शेंदरी परकराचा तुकडा, एका हिरव्या खणाचा अर्धा भाग. आम्ही ते सगळं सतरंजीवर पसरलं. आई प्रत्येक रंगाचं नाव घेत होती: डाळिंबी, अबोली, वांगी, हळदी, मिरची, गुळी. लुगड्यांच्या दुकानातली ती नावं ऐकताना मला खिडकीबाहेरच्या झाडांचा येणारा महिना दिसायला लागला. ऑक्टोबरमध्ये मेपल आधी अबोली होतो, मग शेंदरी, मग डाळिंबी. ओक शेवटी शेवटी गुळासारखा तपकिरी होतो आणि पानं सहजी सोडत नाही. तोवर मी या रंगांना नुसतं लाल, नारिंगी, तपकिरी म्हणत होते.

ही पानं रंग बदलतात कशी, हे मी आईला शिवता शिवता सांगितलं. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या की पानातलं हिरवं द्रव्य विरत जातं. पिवळा आणि नारिंगी रंग पानात पहिल्यापासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र त्या दिवसांत नवा तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असेल, त्या वर्षी मेपल जास्त लाल होतो. आईने ऐकून घेतलं आणि उसवलेल्या लुगड्यावरून हात फिरवला.

लाल कापडाची खात्री करून घ्यावी लागते. आम्ही पदराच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून ठेवला. रुमाल गुलाबी झाला. मग तो पदर गार पाण्यात वेगळा धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत पाच वेळा. नाहीतर दारातल्या दवाने शेजारच्या पिवळ्या पानांवर डाग पडले असते.

पानांचे नमुने मात्र खरेच घेतले, आदल्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेले. ओकच्या पानाच्या गोल पाळ्या शिवून उलट्या करता येतात, पण मेपलची टोकं अणकुचीदार. उलटून बाहेर काढायला गेलं की आत गोळा होऊन बसतात. दोन पानं वाया गेल्यावर आईने पानं उलटायची रीतच सोडून दिली. दोन कापडांमध्ये कापसाचा पातळ थर, कडेने दाट काज टाका, आणि शिरांच्या जागी गोधडीचा धावदोरा, तिन्ही थरांतून. शिरा ओढून घातल्या की पान आपणहून थोडं वळतं, खऱ्या वाळक्या पानासारखं. मधल्या शिरेत बारीक तार घातली तर तो बाक टिकतो. एकवीस पानं झाली, दसऱ्याच्या तोरणापुरती.

भोपळ्याचं तोंड आवळायची एक खूण आईने सांगितली, ती मी कुठेच वाचली नव्हती. बारीक टाके घातले की मधे भोक राहतं. टाके चांगले बोटभर लांब घातले तर चुण्या मोठ्या पडतात आणि तोंड पुरतं मिटतं. "अगं, हे बटव्याचंच तोंड की!" कापूसही मला वाटला त्याच्या दुप्पट लागला. दाबून दाबून भरला नाही तर आठवड्यात भोपळा बसतो. तळाशी तांदळाऐवजी धुऊन वाळवलेले बारीक खडे, छोट्या पुरचुंडीत बांधून. फोडी पाडायला दाभणात जाड सूत ओवलं आणि बुडातून वर, बाहेरून खाली, असं सहा वेळा फिरवून दर वेळी ओढून घेतलं. अंगठ्याने दाबून धरत धरत ती खाच पडताना बघायला मला फार आवडतं. कापसाचा गोळा असतो आणि सहाव्या फेऱ्याला तो भोपळा होतो. देठाला अंगणातली सफरचंदाची वाळकी काटकी.

मधे एका शनिवारी आईला लोवेलची जुनी कापड गिरणी दाखवायला नेलं. आता तिथे संग्रहालय आहे, आणि तळमजल्यावर 1920च्या दशकातले माग अजून चालवून दाखवतात. आत जाताना कानात घालायला बोळे मिळतात. आईने घेतले नाहीत. त्या खडखडाटात ती डोळे मिटून उभी राहिली. "इचलकरंजीत याच आवाजात मी झोपायचे," बाहेर आल्यावर ती म्हणाली. इथल्या यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस थांबला, लोवेलच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या, आणि त्याच वर्षांत मुंबईच्या कापूस बाजारात पैशाचा पूर आला. लोवेल आणि मुंबई आपल्याला वाटतात तितकी दूर कधीच नव्हती.

अंगणात आमचं शिवण चालायचं तेव्हा शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन बघत. त्यांच्या यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली होती. एक दिवस त्या कागदी पिशवी घेऊन आल्या. आत चौकड्यांचा मऊ फ्लॅनेलचा शर्ट, कोपरांवर विरलेला. काय हवं आहे ते त्यांनी फार शब्दांत सांगितलं नाही. आईने शर्ट उजेडात धरून पाहिला, कोपरांतून पलीकडचं दिसत होतं. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. हा कापायला हरकत नव्हती. त्याचा भोपळा शिवताना पुढची बटणपट्टी तिने मुद्दाम तशीच ठेवली, त्यामुळे एका फोडीवर चार बटणं ओळीने आली. आजींनी तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ एका बटणावर अंगठा ठेवून उभ्या राहिल्या.

15 ऑक्टोबरला घट बसले आणि उरलेल्या हिरव्या खणाकडे बघत आई म्हणाली, "इथे आपटा मिळायचा नाही. शिवूया." आपट्याचं पान शिवायला मेपलपेक्षा कितीतरी सोपं: दोन गोल पाळ्या, मधे घडी, देठापासून पंख्यासारख्या शिरा. नऊ दिवसांत अकरा पानं झाली. 24 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, दारात एकवीस पानांचं तोरण, पायरीवर चार भोपळे. इथल्या रीतीची आरास आणि आमचा दसरा एकाच चौकटीला लागले. संध्याकाळी आई कापडी सोनं घेऊन शेजारी गेली, आजींच्या हातात पान ठेवलं आणि म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा." मी अर्थ सांगितला. आजींनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "गिंको!" त्या वाचनालयाच्या दिशेने बोट दाखवून म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना झाडाचं नाव चुकीचं समजलं. आपटा निराळा, म्हणून मी समजावलं. त्या हसून मान डोलावत राहिल्या.

नोव्हेंबरात घड्याळं तासाने मागे गेली, साडेचारलाच अंधारायला लागलं. आईचं परतीचं तिकीट जवळ आलं. एका सकाळी गवतावरचं दहिवर गोठून पांढरं झालं होतं. दारावर टकटक झाली. आजी उभ्या होत्या, नाक थंडीने लाल, हातात टोपली. टोपलीभर पिवळीधमक पानं, प्रत्येकाला मधे खाच, दोन पाळ्या, देठापासून पंख्यासारख्या शिरा. वाचनालयाजवळच्या गिंकोने त्या पहाटे एकदम सगळी पानं टाकली होती. हे झाड असंच करतं, कडक थंडीची एक रात्र झाली की काही तासांत रितं होतं.

आजींनी टोपलीतलं एक पान निवडलं आणि आईच्या हातावर ठेवलं. शब्द त्यांना आठवत नव्हते. आईने पान कपाळाला लावलं, त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं, म्हणाली, "या, बसा. चहा टाकते."

चहा उकळेपर्यंत ती ते पान टेबलावर सपाट करत होती. मग मला म्हणाली, "पेन्सिल दे गं, आणि जाड कागद. ओलं आहे तोवर आकार काढून ठेवू."