हॅलोविनचा बंदोबस्त

पालकभेटीच्या संध्याकाळी यंदा हॅलोविन करू द्यावे, असा अर्ज नववीच्या कॅडेटांनी दिला. हाऊस मास्तरांच्या शिफारशीसह तो माझ्या टेबलावर आला, कारण आवारात तीन-चारशे माणसे जमणार असली की बंदोबस्ताचा कागद माझ्याकडून जातो. अर्ज नेटका होता. भोपळे किती, रंग किती, खर्च किती, सगळे लिहिलेले. जिमच्या हॉलमध्ये उभारायच्या भूतबंगल्याचा नकाशाही जोडला होता. त्यात आत शिरायला दार होते, बाहेर पडायला नव्हते.

३१ ऑक्टोबरला सकाळी एकता दौड, दुसऱ्या दिवशी छत्तीसगडचा स्थापना दिवस, मध्येच हे विलायती भूत कशाला, असे स्टाफरूममध्ये काहींनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण माझे बालपण नागपूरच्या महालात गेले, त्यामुळे मला हे भूत फारसे परके वाटले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. लाकडी बैल सजवायचा, स्वतः शिवाजी नाहीतर झाशीची राणी व्हायचे आणि घरोघर जायचे. घरची बाई बैलाला ओवाळायची आणि आमच्या हातावर बोजारा ठेवायची. कधी रुपया, कधी लाडू. त्याच दिवशी शहरातून मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. रोगराई आणि इडापिडा तिच्यासोबत गावाबाहेर काढायची आणि तिला जाळून टाकायचे. सोंग, दारोदारचा खाऊ आणि वाईटाची हकालपट्टी, तिन्ही गोष्टी एकाच दिवशी. आयर्लंड-स्कॉटलंडकडची मुले याहून वेगळे काही करत नव्हती. ती सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला.

तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी राजांनी १८०६ साली सुरू केला असे सांगतात. त्याच नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावरही होता. बिंबाजी भोसले रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत. इथल्या पोळ्याला मुलांच्या हाती मातीचे बैल आणि मुलींच्या हाती मातीची जाती-भांडी असतात, घरात ठेठरी-खुरमी होते. मुलांचा सण म्हणजे काय, हे रायपूरला नव्याने शिकवायला नको.

तेव्हा हरकत सणाला नव्हती. हरकत त्या एका दाराला होती. अर्ज परत पाठवला आणि चौघा कॅडेटांना बोलावून घेतले.

पालकांना पहिली धास्ती कशाची असेल, असे मी विचारले. “खाऊची, उस्ताद. कोणी काही मिसळले तर?” अमेरिकेतही पिढ्यान्‌पिढ्या हीच धास्ती आहे. तिथले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याची एकही खात्रीची घटना त्यांना सापडली नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एक मुलगा विषारी खाऊने गेला, पण तो घातला होता त्याच्या बापानेच. मग त्या संध्याकाळी मुले मरतात कशाने? मोटारींनी. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. अंधार, काळे कपडे, डोळ्यांवर मुखवटा आणि रस्त्यावर धावणारी मुले. पालक बसतात चॉकलेटाचा कागद तपासत.

फौजेत हीच सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. रात्रीच्या पहाऱ्यावर नवा जवान झुडपाकडे बघत बसतो, कारण झुडूप भीतीदायक दिसते. माणूस येतो तो नेहमी मोकळ्या बाजूने.

मग मी त्यांना दोन घटना सांगितल्या. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवाली गावात एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली. ४४२ माणसे गेली, त्यांत अर्ध्याहून अधिक मुले. वर कृत्रिम कापड होते आणि बाहेर पडायची वाट अपुरी होती. दुसरी घटना हॅलोविनचीच. २९ ऑक्टोबर २०२२ ला सोलच्या इटेवॉन भागात एका अरुंद, उताराच्या गल्लीत गर्दी चेंगरली आणि १५९ जण मेले. बहुतेक विशी-तिशीतले. ना आग होती, ना स्फोट. इथे जीव जाईल, असे सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता आणि चेंगराचेंगरी झाली सव्वादहाच्या सुमारास. चौघांपैकी एकाने वहीत ते दोन्ही आकडे लिहून वजाबाकी केली. मी काही बोललो नाही.

दुसरा नकाशा त्यांनीच काढला. भूतबंगला हॉलमधून उठला आणि परेड मैदानाच्या कडेला उघड्यावर आला. कनातीला वरून छत नाही. आत जायची वाट एक, बाहेर पडायच्या दोन. एका वेळी दहा जण, दारावर शिट्टी घेतलेला कॅडेट. मेणबत्ती, पणती, फटाका काही नाही, सगळे दिवे सेलवरचे. दिवाळीचे उरलेले फटाके पालकांच्या पिशव्यांतून येतात, म्हणून गेटवर नम्रपणे विचारायचे आणि जमा करून घ्यायचे. झगा घोट्याच्या वर, नायलॉनचा नको. मुखवट्याऐवजी चेहऱ्यावर रंग, आणि सगळ्यांच्या पाठीवर चमकणारी पट्टी. साडेपाच ते आठ या वेळात क्वार्टरांच्या रस्त्यावर एकही वाहन हलणार नाही, प्राचार्यांचेसुद्धा. (हे वाक्य त्यांनी मला विचारून लिहिले.) खाऊसाठी मुलांनी फक्त आकाशकंदील लावलेल्या दारावरच जायचे. ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे किंवा ज्यांना नको आहे, त्यांनी कंदील विझवून ठेवावा. शेंगदाण्याची चिक्की वेगळ्या टोपलीत, कारण एका कॅडेटच्या धाकट्या बहिणीला शेंगदाणा चालत नाही. तिच्या आईने हे कळवले म्हणून कळले. पालकहो, असे काही असले तर जरूर कळवत जा.

कागदावर सगळे बसले होते. तेवढ्यात भिंतीवर पोस्टर लागले.

चित्र चांगले होते, नाकारत नाही. केस पिंजारलेली म्हातारी, हातात झाडू, मागे चंद्र. खाली मोठ्या अक्षरांत कॅडेटांनी लिहिले होते: टोनही. हॅलोविनची चेटकीण त्यांनी इथल्या भाषेत आणली होती. मेसमध्ये भांडी घासायला येणारी काकी त्या पोस्टरसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि नंतर माझ्याकडे येऊन त्या संध्याकाळची सुट्टी मागू लागली. कारण विचारले तर नुसतीच मान हलवली. दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितले. तिच्या थोरल्या बहिणीला गावाने टोनही ठरवले होते. शेजारचे एक पोर तापाने गेले, त्याच्या आदल्या दिवशी बहिणीने त्याला कडेवर घेतले होते, एवढेच. मारहाण झाली. बहीण गाव सोडून आली, ती परत गेली नाही.

हरेली आपण सगळे पाहतो. मुले गेडीवर चालतात, शेतकरी नांगर-कुदळ धुऊन पुजतात, दारावर कडुलिंबाची डहाळी खोचतात. आपल्या पंचांगात ती आषाढी अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस. पण इथल्या खेड्यांत त्या रात्री टोनही बाहेर पडते असाही समज आहे, आणि दिवस पावसाळ्याचे. ताप, हगवण, साप, सगळे त्याच महिन्यात. पोर दगावते डासाने किंवा पाण्याने, आणि लोक शोधतात एकटी राहणारी बाई. छत्तीसगडने यासाठी २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. एखादीला टोनही ठरवणे हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. छळ केला तर पाच. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र वर्षानुवर्षे गावोगाव जाऊन याविरुद्ध लोकांशी बोलत आले आहेत.

काकीचे नाव न घेता मी हे कॅडेटांना सांगितले. वाद झाला, आणि झाला ते बरे झाले. एक म्हणाला, “उस्ताद, हे तर नुसते चित्र आहे. तुमच्या नागपुरात तर बाईचा पुतळा जाळतात.” मुद्दा बिनतोड वाटला त्याला, आणि अर्धा होताही. मारबत बाईच्या रूपाची का, हे मला कोणी पटेल असे सांगितलेले नाही. पण मारबत बांबू-कागदाची असते, ती कोणाच्या घरात राहत नाही आणि मिरवणुकीनंतर तिला शोधायला कोणी शेजारच्या दारावर जात नाही. तिच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांवर तर महागाई आणि भ्रष्टाचार लिहिलेला असतो. टोनही हा शब्द इथे अजूनही जिवंत बाईच्या अंगावर पडतो.

“मग ड्रॅक्युला चालेल?” चालेल. ड्रॅक्युला म्हणून अजून कोणाला गावाबाहेर काढलेले नाही. सांगाडा, वेताळ, ममी, झाडावरचा मुंजा, सगळे मंजूर. पोस्टर त्यांनीच काढले. नव्यावर विक्रमाच्या पाठीवर लटकलेला वेताळ होता. विक्रमाचे बूट आपल्या ड्रिलचे, चकचकीत.

भोपळे कोरताना वेगळीच अडचण आली. मेसमधल्या बायका अखंड कुम्हड्याला पहिला सुरा लावेनात. इकडे कुम्हडा म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याला बाई कापत नाही. स्वयंपाक्याने पहिला काप दिला, मग बायकांनी भराभर कोरून टाकले. या समजुतीने कोणाला इजा होत नाही, म्हणून मी मध्ये पडलो नाही. सुरे कॅडेटांच्या हाती द्यायचे नाहीत, हे ठरलेलेच होते.

संध्याकाळ ठीक पार पडली. साडेपाचला झपाट्याने अंधारले आणि चमकत्या पट्ट्यांमुळे मैदानावर कोण कुठे आहे ते टॉवरवरून दिसत होते. भूतबंगल्यात सहा वर्षांचा एक भाऊ रडला, त्याला दारावरच्या कॅडेटने मधल्या वाटेने बाहेर आणले. त्या वाटेचा उपयोग तेवढ्यापुरताच झाला. एका पालकांना गाडी लवकर काढायची होती, ते थोडे रागावले. आठ वाजता गाडी निघाली. ८ वाजून १० मिनिटांनी कॅडेटांची मोजणी जुळली.

काकी आली नाही. तिची सुट्टी मी मांडलेलीच ठेवली. सोमवारी ती आली तेव्हा भिंतीवर अजून वेताळ होता. तिने तो पाहिला, हे कोण म्हणून एका कॅडेटला विचारले, आणि त्याने तिला भांडी घासून होईपर्यंत वेताळाची एक गोष्ट सांगितली. उरलेल्या भोपळ्यांची भाजी त्या दिवशी दुपारी सगळ्यांनी खाल्ली.

दोन टॉर्च अजून परत आलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी गार्डरूममध्ये जमा कराव्यात.