खेळाचा भाव

किंमत ही मोठी फसवी चीज आहे. दुकानातल्या पाटीवर ती रुपयांत लिहिलेली असते. माणूस मात्र ती मनात निराळ्याच मापानं मोजतो. माझे वडील गिरणीत कारकून होते. कापडाचा भाव ऐकला की ते क्षणभर गप्प होत. त्या क्षणात रुपयांचे दिवस होत असत. "चार दिवसांचं आहे," असं ते आईला हळूच सांगत, आणि आईला ते बरोबर समजे. पुढं मी जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले. पण याहून प्रामाणिक माप काही मला सापडलं नाही.

गेल्या दिवाळीत हे माप पुन्हा बाहेर काढावं लागलं, ते एका व्हिडिओ गेमपायी. आमच्या नातवाला टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा एक नवा खेळ हवा होता. भाव रुपये ४,९९९! "एवढ्यात आमचं अख्खं लग्न झालं होतं," असा शेरा आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच मारला. न्यू जर्सीहून दिवाळीला आलेला माझा पुतण्या नातवाच्या मदतीला धावला. "काका, आमच्याकडे तो सत्तर डॉलरला मिळतो. हिशेब करा, तेवढेच होतात."

हिशेब ठीक होता. २०२० साली बड्या कंपन्यांनी नव्या खेळांचा भाव साठ डॉलरांवरून सत्तरवर नेला आणि आपल्याकडे तो ४,९९९ रुपये ठेवला. तेव्हा डॉलर चौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपास होता. म्हणजे भाव जवळजवळ सारखाच. मग अडलं कुठं?

अडलं ते वडिलांच्या मापापाशी. न्यू जर्सीत कायद्यानं ठरवलेली किमान मजुरी तासाला पंधरा डॉलरांच्या वर आहे. म्हणजे तिथं हॉटेलात बशा विसळणारा पोरगासुद्धा पाच तासांत हा खेळ कमावतो. आपल्याकडे २०२४-२५ साली दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे दोन लाख रुपये होतं, म्हणजे दिवसाला साडेपाचशे. त्या हिशेबानं हाच खेळ नऊ दिवसांचा झाला. घटस्थापनेला कडक उपास धरावा, भाडं नाही, वीजबिल नाही, तेव्हा कुठं दसऱ्याला खेळ हाती!

आणि यात आपणच काय ते दुर्दैवी, असंही नाही. ब्राझीलची कथा ऐकण्यासारखी आहे. २०१३ साली प्लेस्टेशन फोर हे यंत्र निघालं. अमेरिकेत त्याची किंमत ३९९ डॉलर होती. ब्राझीलमध्ये ३,९९९ रेआल, म्हणजे डॉलरांत मोजलं तर चौपटीहून जास्त. त्यातला मोठा वाटा आयातीवरच्या करांचा होता. त्या वर्षी तिथली किमान मजुरी महिन्याला ६७८ रेआल होती. अमेरिकेतल्या सर्वांत कमी मजुरीच्या माणसाला जे यंत्र पंचावन्न तासांत मिळे, त्यासाठी ब्राझीलच्या मजुराला जवळजवळ सहा महिने राबावं लागणार होतं. गरिबाला वस्तू महाग पडते हे आपल्याला ठाऊक असतं. पण गरिबाच्या गावात तिचा भावही चढा असावा, याला काय म्हणावं?

काही दुकानदारांनी शहाणपणा केला. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम नावाचं, संगणकावरच्या खेळांचं दुकान आहे. तिथं देशोदेशीचे भाव वेगळे ठेवता येतात. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात कित्येक खेळ अगदी स्वस्त मिळत. झालं! सधन देशांतल्या हुशार मंडळींनी संगणकाला खोटा पत्ता सांगायची युक्ती काढली आणि घरबसल्या अर्जेंटिनाचे रहिवासी बनून खरेदी सुरू केली. मोटारीतून उतरून रेशनच्या रांगेत उभं राहण्याचाच हा प्रकार. त्यातच पेसो आणि लिरा या दोन्ही नाण्यांची भयंकर घसरण चालली होती. या घसरणीचं कारण देऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमनं या दोन्ही देशांतले भाव डॉलरांत केले, आणि अनेक खेळ रातोरात कित्येक पटींनी महागले. खोटे रहिवासी आपापल्या देशांत परतले; खऱ्यांनी जायचं कुठं?

हे सारं मी मोठ्या तावातावानं पुतण्याला ऐकवत होतो. नातू शेजारी बसून ऐकत होता. त्यानं मधेच विचारलं, "आजोबा, मग आपले किती दिवस?"

"तुझ्या बाबांचा दीड दिवस."

"आणि वॉचमनकाकांचे?"

मी गप्प झालो. आमच्या सोसायटीचा रखवालदार रोज बारा तास फाटकाशी उभा राहून महिन्याला पंधरा हजार मिळवतो. म्हणजे दहा दिवस. एकशे वीस तास! न्यू जर्सीच्या बशा विसळणाऱ्याचे पाच, आणि आमच्या फाटकावरच्या माणसाचे एकशे वीस. देशादेशांचे हिशेब मांडताना मी सात समुद्र ओलांडून आलो होतो. पण सगळ्यांत मोठं अंतर तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंतचंच निघालं. कंपनी देशाला एक भाव लावते. तो वरच्याला हलका आणि खालच्याला अशक्य.

रखवालदाराचा मुलगा आमच्या नातवाच्याच वयाचा. तो बापाच्या मोबाइलवर लढाईचा एक फुकट खेळ खेळतो. फुकट म्हणजे जत्रेसारखं: आत जायला पैसे नाहीत, पाळण्यात बसायला आहेत. खेळातल्या शिपायाला नवा अंगरखा हवा की पैसे मोजायचे. हजारांतल्या थोड्यांनी मोजले तरी कंपनीचं भागतं. बाकीच्यांचा शिपाई जुन्याच अंगरख्यात लढतो, आणि ते सगळ्यांना दिसतं.

खरं तर गरिबीवरचा आपला जुना तोडगा निराळाच होता. दिवाळी अंक तरी आपण सगळे कुठं विकत घेतो? वाचनालयाची वर्गणी भरतो आणि एकच अंक वीस घरं फिरतो. खेळाची तबकडीही अशी फिरू शकते. पण आता तबकडीची खाचच नसलेली यंत्रं निघाली आहेत. त्यांवरचा खेळ एकाच्या खात्याला चिकटतो. तो शेजाऱ्याच्या हाती ठेवता येत नाही. भावाइतकीच मला याचीही धास्ती वाटते. पैसे पुरते मोजायचे, आणि दुसऱ्याला देण्याचा आनंद मात्र विकत मिळायचा नाही!

सुदैवानं आमच्या यंत्राला खाच आहे. सोसायटीतल्या पाच पोरांनी हजार-हजार रुपये काढले आणि तबकडी आणली. रखवालदाराच्या मुलाकडे कुणी काही मागितलं नव्हतं. पण ओवाळणीतले पन्नास रुपये घेऊन तो आपणहून वर आला. नातवानं ते घेतले आणि वहीत सहाव्या हिस्सेदाराची नोंद केली. शनिवारची पाळी त्याची. यंत्र आमचं, आणि चिवडाही.