क्वांट्रिलला सोडलं कुणी?

चार्ल्स पोर्टिसच्या 'ट्रू ग्रिट' (1968) या वेस्टर्न कादंबरीवर माझा जुना राग होता आणि मित्रमंडळींत तो मी अनेकदा काढलाही आहे. कादंबरी झकास, पण तिने विल्यम क्वांट्रिलला स्वस्तात सोडलं, असं माझं म्हणणं.

क्वांट्रिल खराखुरा. मूळचा ओहायोचा, एकेकाळचा शाळामास्तर. अमेरिकेच्या यादवी युद्धात मिसूरी-कॅन्ससच्या सीमेवर दक्षिणेच्या बाजूने त्याची गनिमी टोळी लढत होती. 21 ऑगस्ट 1863 च्या पहाटे चारेकशे स्वार घेऊन तो कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात शिरला आणि दीडशेच्या आसपास पुरुष व पोरं मारून, गाव पेटवून निघून गेला. मेलेले बहुतेक निःशस्त्र; कित्येकांना बायकांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. चार दिवसांनी उत्तरेच्या सैन्याने हुकूम काढून मिसूरीच्या सीमेवरचे जिल्हे जवळपास ओस पाडले. म्हणजे सूड दोन्हीकडे होता.

कादंबरीत यातलं येतं किती? एकाक्ष मार्शल रूस्टर कॉगबर्न क्वांट्रिलच्या टोळीत होता. ते सैनिक कसले, खुनी लुटारूच, असं म्हणत टेक्सासचा रेंजर लबीफ त्याला डिवचतो, रूस्टर खवळतो, विषय संपतो. मला ही सरळसरळ पळवाट वाटायची. गनिमी काव्याने लढणारा म्हटला की आपल्या मराठी मनात तो आधीच न्यायाच्या बाजूला जाऊन उभा असतो. म्हणून तर लेखकाने इथे खडसावून बोलायला हवं होतं, असा माझा हट्ट.

लॉरेन्सबद्दल वाचल्यानंतर कादंबरीची शेवटची पानं पुन्हा हाती घेतली आणि माझं मत फिरलं. साल 1903. कोल यंगर आणि फ्रँक जेम्स म्हातारपणी 'वाइल्ड वेस्ट'चे खेळ करत हिंडतायत. (खरोखरच हिंडत होते.) दोघंही क्वांट्रिलचे साथीदार, दोघंही लॉरेन्सच्या हल्ल्यातले. त्यांच्याच खेळात असलेल्या रूस्टरला भेटायला कादंबरीची निवेदिका मॅटी रॉस मेम्फिसला येते, तर तो नुकताच वारलेला. दोघे म्हातारे रेल्वेच्या डब्यात कोका-कोला पीत बसलेत. यंगर अदबीने उठतो. जेम्स हलत नाही, आणि मॅटी त्याची खरडपट्टी काढते. कारण एक, बाईमाणसासमोर तो उठला नाही. कारण दोन, 1876 मध्ये नॉर्थफील्डच्या बँकेवरच्या दरोड्यात तिथला माणूस बहुधा यानेच मारला आणि तुरुंगात पंचवीस वर्षं मात्र यंगरने काढली.

मॅटी ही पै-पैचा आणि पापापापाचा हिशोब ठेवणारी बाई. पुढे स्वतःच बँकेची मालकीण. तिच्या हिशोबात नॉर्थफील्डचा एक माणूस आहे, लॉरेन्सचे दीडशे नाहीत. रूस्टर, यंगर, जेम्स हे सगळे क्वांट्रिलच्या काळ्या झेंड्याखाली लढले, एवढं ती सांगते, तेही त्यांची कीव येऊन. तिने रूस्टरला आपलं मानलंय, आणि आपल्या माणसाचा भूतकाळ ती चाळत बसत नाही.

पोर्टिसने क्वांट्रिलला प्रत्यक्ष समोर आणलं असतं तर त्याला शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. तशी सोय त्याने ठेवलेली नाही. पहिल्या वाचनात मीही मॅटीबरोबर जेम्सवर चिडलो होतो, आणि यंगर मला सज्जन वाटला होता. का, तर तो उठून उभा राहिला म्हणून! खरं सांगायचं तर अजूनही थोडा वाटतो, आणि त्याचा दोष मी पोर्टिसलाच देतो.