गाडीत राहिलेली वायर

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये बरॅकींच्या वस्तीत आमचे घर आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एक दिवस दारोदारी मोटारी उभ्या राहतील, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. त्यामुळे आमची जुनी गाडी गल्लीच्या तोंडाशी भर उन्हात उभी असते.

चार्जिंगची वायर आम्ही गाडीतच ठेवत असू. रोज काढा-घाला कोण करणार? अब्बा मात्र टोकायचे. त्यांची उमर जीन्सच्या कारखान्यात कटिंग करण्यात गेली. काम संपले की कात्री पेटीत आणि इस्त्रीची वायर गुंडाळून वर, ही त्यांची शिस्त. आम्ही ‘हो अब्बा’ म्हणायचो आणि विसरून जायचो.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे बदलापूरला वलीम्याला गेलो. अब्बा आणि नववीतली मुलगी घरी होते. एक फोन मुलीपाशी ठेवला, दुसरा आमच्याजवळ. गाडी चार तास उन्हात होती. परतताना अंबरनाथजवळ वाहतूक तुंबली आणि फोनची बॅटरी संपत आली. वायर लावली, तर ती काडीसारखी कडक झालेली आणि पिनेजवळ तडकलेली. चार्जिंग क्षणभर सुरू व्हायचे, पुन्हा तुटायचे. शेवटी फोन बंद पडला.

घरी पोहोचलो तेव्हा शेजारच्या चाची अब्बांजवळ बसल्या होत्या. अब्बा इन्सुलिन घेतात. त्यांची साखर उतरली होती. घाम सुटला, हातपाय थरथरू लागले. मुलीने अकरा वेळा फोन लावला. अखेर तिने धावत जाऊन चाचींना बोलावले. त्यांनी साखरेचे पाणी पाजले आणि अल्हम्दुलिल्लाह, अब्बा सावरले. मुलीने एवढेच विचारले, “फोन बंद का होता?” आम्हाला मान वर करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने ती वायर कापून दाखवली. आतल्या तांब्याच्या बारीक तारा तुटलेल्या होत्या. अनेक वायरींचे आवरण पीव्हीसीचे असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात एक द्रव्य मिसळतात. उष्णतेत ते हळूहळू निघून जाते आणि आवरण ठिसूळ होते. मग वायर वाकली की चिरते. अशा वायरीतल्या तारा एकमेकींना चिकटल्या तर वायर तापते, फोनही बिघडू शकतो.

गाडी तरी किती तापते? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कडक उन्हाळ्यात उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत तापला. आमची वायर नेमकी डॅशबोर्डवरच पडलेली असे. वायर नुसत्या उन्हाने पेट घेत नाही, पण पॉवर बँकेत लिथियमची बॅटरी असते. ती फुगू शकते, पेटूही शकते. म्हणून ती तर गाडीत मुळीच ठेवू नये. तडकलेली, चिकट झालेली किंवा वापरताना गरम होणारी वायर टेप गुंडाळून चालवू नये, टाकून द्यावी.

रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवा, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. उंदीर वात ओढून घराला आग लावील, हे कारणही सांगितले आहे. लहानशा निष्काळजीपणातून घरावर केवढे संकट येऊ शकते, हे त्यात आहे. आपण ही गोष्ट दिव्यापुरतीच समजतो. वस्तू अमानत आहे, तशी घरच्यांची सुरक्षितताही अमानत आहे.

अब्बांनी जीन्सच्या उरलेल्या तुकड्याची एक पिशवी शिवून दिली आहे. ती दाराशी, गाडीच्या चावीच्या खिळ्याला टांगलेली असते. गाडीतून उतरताना वायर तिच्यात घालून घरी आणायची, हे काम मुलीने आपल्याकडे घेतले आहे. साखर उतरली तर काय करायचे, हेही आम्ही तिला शिकवले आहे. ते आधीच शिकवायला हवे होते. अल्लाह आमची ही गफलत माफ करो आणि आपणा सर्वांची घरे सुरक्षित ठेवो. आमीन.